पेपरातलं सिंगापूर

मी सिंगापूर कधीही पाहिलेलं नाही. तरी एकेचाळीस साली जवळजवळ वर्षभर मी दर मंगळवारी त्या शहरावर एक स्तंभ लिहीत होतो. बेळगावातल्या एका मराठी साप्ताहिकात मी उपसंपादक होतो. संपादक, मी, दोन कंपोझिटर आणि एक छपाईयंत्र एवढीच आमची कचेरी होती.

स्तंभाची कल्पना संपादकांची. त्या वर्षी लष्करी कॅम्पातून पलटणी बाहेर पडत होत्या. त्या कुठे जातात हे छापायला बंदी होती, पण स्टेशनवर निरोप द्यायला गेलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. संपादक म्हणाले, "पलटणीचं नाव नको, बोटीचं नको. नुसतं गाव कसं आहे ते लिहा. इतिहास, भूगोल, चालीरीती. इतिहासाला कलेक्टर काय हरकत घेणार?"

माझ्याकडे दोनच साधनं होती. एक, कॅम्पातल्या वाचनालयातलं जुनं इंग्रजी प्रवासवर्णन, ज्याची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती. दुसरं म्हणजे चर्चच्या मागच्या गल्लीत राहणारा एक गोवेकर म्हातारा. तो अठरा वर्षं सिंगापुरातल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवत होता. बोटं आखडल्यावर परत आला आणि बहिणीकडे राहिला. मी संध्याकाळी त्याच्याकडे जायचो. तो सांगायचा, मी टिपून घ्यायचो.

त्याच्या सांगण्यात शहराची स्तुती नसे. तो म्हणायचा, तिथे कुणी तिथला नाही, सगळे आलेले. विलायतेहून चीनला जाणारी आणि चीनहून विलायतेला जाणारी बोट तिथे कोळसा घ्यायला थांबते, आणि माणसंही तशीच थांबलेली. एका रस्त्यावर मशीद, थोडं पुढे तमिळ लोकांचं देऊळ, त्याच्या पलीकडे चिनी देऊळ. हॉटेलात पंख्याखाली साहेब नाचायचे. स्वयंपाकी चिनी, झाडूवाला तमिळ, मोटार हाकणारा मलायी, आणि व्हायोलिन वाजवणारा हा गोव्याचा. सगळे एका छपराखाली, पण जेवायला प्रत्येकाची जागा वेगळी. "पूर्व आणि पश्चिम भेटतात असं लोक म्हणतात," तो एकदा म्हणाला. "भेटतात ना बाबा. किचनच्या दारात भेटतात. बशी आत जाते, बशी बाहेर येते."

दुकानांपुढच्या ओवरीत चिनी लेखनिक बसतात, ते कुंचल्यानं हमालांची पत्रं लिहून देतात, हेही त्यानंच सांगितलं. हमाल कितीही आजारी असला तरी पत्रात 'सुखरूप आहे' असंच लिहायची पद्धत. एका गल्लीत अशी घरं होती की जिथे मरणाला टेकलेल्या चिनी माणसाला आणून ठेवायचे, कारण तो ज्या खोलीत दहाजणांबरोबर राहायचा तिथे मरायला जागा नसे. हे शेवटचं मी लिहिलं होतं. संपादकांनी काढून टाकलं. "सैनिकांच्या घरी वाचतात," ते म्हणाले.

सैनिकांच्या घरी वाचतात हे खरं होतं. कडोलीत तर देवळाच्या कट्ट्यावर शाळामास्तर तो स्तंभ मोठ्यानं वाचायचे. हे मला कळलं ते एका बाईमुळे.

ती कडोलीची सून. वय पंचविसाच्या आत. नवरा पूर्वी बेळगाव-वेंगुर्ला मोटार चालवायचा, लढाई लागल्यावर फौजेत ड्रायव्हर म्हणून गेला. एका शनिवारी, बाजाराच्या दिवशी, ती थेट कचेरीत आली आणि तिनं पदराच्या गाठीतून एक पत्र काढलं.

"सिंगापूरचं लिवतासा ते तुमीच व्हय?"

"हो."

"चुकलंय बघा. ह्यांनी लिवून धाडलंय."

पत्र मी वाचलं. त्यानं लिहिलं होतं, की आई पाठवते ते पेपराचे कागद पोचले. पेपरवाला लिहितो ते गाव मी बघितलंय, लई बरं आहे. फक्त त्याला सांगा, तिथली रिक्षा माणूस ओढतो, घोडं नव्हे. आणि पाऊस रोज दुपारी पडतो, आपल्यासारखा चार महिन्यांचा नसतो.

पत्रावर सेन्सॉरचा शिक्का होता. त्या माणसानं शहराचं नाव कुठेही घातलं नव्हतं, तरी घरच्यांना आपण कुठे आहोत ते कळवलं होतं, माझ्या स्तंभाच्या आडून. पुढच्या अंकात मी रिक्षाची चूक दुरुस्त केली. त्यानंतर तो प्रत्येक पत्रात एखादी दुरुस्ती पाठवायचा आणि बाई ती घेऊन यायची. कंपोझिटर तिला चिडवायचे, "वैनी, तुमचा मालक आला की आमच्या हितंच प्रूफं तपासाय ठेवू." ती म्हणायची, "ठेवा की. मोटारीपरास बरं. मोटार पालथी तरी व्हतीया."

बेचाळीसच्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं.

बातमी तारेनं आली. इंग्रजांच्या फौजेनं जपान्यांपुढे शस्त्रं खाली ठेवली, तेलाच्या टाक्या जळत आहेत, शहराला पाणी नाही. तारेत एवढंच होतं. मी मथळा केला, 'सिंगापूर शरण'. संपादकांनी तो पाहिला आणि पेन्सिल हातात घेतली. "शरण हा शब्द मोठ्या टायपात नको. कलेक्टर कचेरीतून बोलावणं येईल." पान अडलं होतं. दोन स्तंभांच्या रुंदीत बसेल असा शब्द हवा होता. तेल जळतंय हे तारेत होतंच. मी लिहिलं, 'सिंगापूर बेचिराख'. तो बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी गोवेकर म्हातारा कचेरीत आला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं विचारलं, "बेचिराख म्हणजे?"

मी सांगितलं.

"सगळी राख? दगडी इमारती आहेत रे बाबा त्या. तार तशी म्हणते?"

तार तशी म्हणत नव्हती. मी तसं त्याला सांगितलं. तो वळला आणि गेला. पुढच्या अंकात दुरुस्ती देता आली असती, रिक्षाची दिली होती तशी. मी दिली नाही. स्तंभ बंद झाला. लिहायला शहरच उरलं नाही असं आम्हीच छापलं होतं.

कडोलीच्या कट्ट्यावर तो मथळा वाचला गेला. त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ त्या माणसाचं पत्र नाही, सरकारचा कागद नाही. बाई बाजाराच्या दिवशी यायची, दारातूनच विचारायची, "काय आलंय?" मी मान हलवायचो. तिचं कुंकू आणि बांगड्या होत्या तशा होत्या. तिचा सासरा, ज्याला घरात सगळे आप्पा म्हणत, तो मात्र बोलायचा बंद झाला होता असं ती म्हणाली.

त्रेचाळीसचा दसरा झाल्यावर कार्ड आलं.

त्या दिवशी काय झालं ते मी नंतर तिच्याकडून आणि पोस्टमनकडून वेगवेगळं विचारून घेतलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. ते युद्धकैद्यांचं छापील कार्ड होतं, इंग्रजीत. गाळलेल्या जागा पेन्सिलीनं मोठ्या इंग्रजी अक्षरांत भरलेल्या. त्याच्या वरच्या कोपऱ्यावर कातर चालली होती. तिथे त्यानं सिंगापूरचं नाव घातलं असावं आणि सेन्सॉरनं ते कापलं असावं. हा माझा अंदाज आहे, खात्री नाही.

आमच्या भागात मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडतात. असं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचतात, तिथल्या तिथे फाडतात आणि अंघोळ करतात. पोस्टमनला हे माहीत असतं, तो असं कार्ड देताना हाक मारत नाही. तो त्या दिवशी कडोलीत गेला, त्यानं कापलेला कोपरा पाहिला, आणि आप्पांच्या दारात न जाता विहिरीवर थांबला. आप्पा पाणी काढत होते. पोस्टमननं काही न बोलता कार्ड पुढे केलं.

इंग्रजी वाचणारं तिथे कुणी नव्हतं. मास्तर ट्रेनिंगला बेळगावात होते. कुणी थांबायचं सुचवलंही नाही. सरकारी छापील कागद, वर शिक्के, कोपरा नाही. शहर बेचिराख झाल्याचं तर आधीच वाचलेलं. आप्पांनी कार्डाचे चार तुकडे केले, उकिरड्यात टाकले आणि अंगावर घागर ओतून घेतली. बाई शेतावरून आली तेव्हा घरात रडारड चालू होती. तिच्या बांगड्या दगडानं फोडल्या, कुंकू पुसलं. दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला, असं लोकांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशीच, शेण टाकायला गेलेली असताना, तिनं उकिरड्यातून तुकडे काढले होते. तीन मिळाले. दहावा होईपर्यंत तिनं ते कणगीमागे ठेवले आणि मग सात-आठ मैल चालत कचेरीत आली. रिकाम्या कपाळानं ती दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलं नाही.

तिनं तुकडे टेबलावर मांडले. "सरकारी कागुद असता तर सगळा छापलेला असता," ती म्हणाली. "ह्ये शिसपेन्सिलीनं लिवलंय. मेलेला मानूस लिवतो व्हय?"

मी तुकडे जुळवले. नाव होतं. तब्येत नेहमीसारखी आहे, एवढं छापील वाक्य खुणेसकट वाचता येत होतं. खाली सही होती, तिच्याकडच्या पत्रांवर होती तीच. तारीख नव्हती. त्या कार्डांवर तारीख नसायची.

मी तिला जेवढं होतं तेवढंच सांगितलं. "हे त्यानं स्वतः लिहिलंय. तो कैदेत आहे."

"म्हंजी जित्ता हाय."

"लिहिलं तेव्हा होता. कधी लिहिलं ते यात नाही. सहा महिने झाले असतील, जास्तही असतील."

"आज मेलाय असं लिवलंय काय त्यात?"

"नाही."

"मग झालं."

तिची मागणी एकच होती. तो जिवंत आहे असं पेपरात छापावं. पेपरात आलं की कट्ट्यावर वाचलं जाईल, मग आप्पांना मानावं लागेल. संपादक म्हणाले, कैद्याचं नाव वरच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. ते खरं होतं. मी परवानगीचा अर्ज लिहिला, त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी मी स्वतः तिच्याबरोबर कडोलीला गेलो.

आप्पा ओसरीवर बसले होते. मला त्यांनी घोंगडं दिलं, पाणी दिलं. मी चिकटवलेलं कार्ड वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. त्यांनी ते हातात घेतलं नाही. दारात शेजारची माणसं जमली होती.

"तुमी पेपरवालं न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"गाव बेचिराख झालं असं लिवलंतं कुनी?"

"मी."

"आनि आता तुमीच म्हनतासा त्यो तितं नेहमीसारखा हाय." दारातून कुणीतरी हसलं. आप्पा हसले नाहीत. "कंचं खरं धरायचं सांगा. तुमचं पयलं का तुमचं दुसरं?"

मी म्हणालो, पहिलं चुकलं होतं.

"माजा पोरगा त्यात मेला न्हवं का," ते म्हणाले. "आता क्रिया केलीया. कावळा शिवलाय. ती काय परत घेता येतीया? उद्या त्यो आला तर भटजी म्हनतोय त्याचं नव्यानं बारसं करायचं, लगीन करायचं. येऊ दे. आला की करतो. तवर माज्या घरात त्यो न्हाय."

सुनेनं हे सगळं खांबाला टेकून ऐकलं. मग ती आत गेली. बाहेर आली तेव्हा कपाळावर कुंकू होतं. सासू किंचाळली, "आगं भवाने, पुस ते!" दारातल्या एका बाईनं तोंड फिरवलं. आप्पांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्यांनी तिला घराबाहेर काढलं नाही. गोठ्याकडची पडवी दिली. ती शेतात राबायची, घरचं पाणी भरायची. पण हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे, कारण गावाच्या लेखी ती विधवा होती. आणि विधवा बायका तिला जवळ करत नसत, कारण तिच्या कपाळावर कुंकू होतं. लग्नाची वरात तिच्या वाटेनं यायची असली तर आधी कुणीतरी येऊन तिला आत जायला सांगायचं. हे तिनं मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. वटपौर्णिमेला ती बेळगावात यायची, कॅम्पाच्या रस्त्यावरच्या वडाला फेऱ्या घालायची. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं.

लढाई संपल्यावर आम्ही एक चौकट छापू लागलो. पूर्वेकडून परतलेल्यांनी कचेरीत येऊन आपल्याबरोबरच्या माणसांची माहिती द्यावी. त्यातून शेहेचाळीसच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एकजण आला. निपाणीजवळच्या जैन शेतकरी घरातला, फौजेच्या दवाखान्यात नोकर होता. बोलताना मध्येच कानडीत जायचा. अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा असावा असा मोठा. मी नाव सांगितलं. त्यानं लगेच मान खाली घातली. ओळख होती आणि बातमी वाईट होती.

मी त्याला शनिवारी पुन्हा यायला सांगितलं. बाई यायच्या आधी मला सगळं विचारून घ्यायचं होतं, पण ती त्याच्या आधीच येऊन बाकावर बसली होती.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आक्का, आमी एका बराकीत व्हतो," त्यानं सुरुवात केली. शहर उभंच होतं, त्यानं सांगितलं. रोज बंदरावर पोती उचलायला नेत. तिचा नवरा जपान्यांची लॉरी चालवायचा. "जाताजाता सगळं दाखवायचा मला. ह्ये देऊळ आमच्या पेपरात आलतं, ही मशीद आलती. मी म्हनायचो, लेका, तुज्या पेपरवाल्याला भात किती मिळतो ते लिवाय सांग." तो हसला, मग थांबला. "मी कांदा न खानारा. तितं काय काय खाल्लं ते आईला सांगितलं न्हाई अजून."

बाईनं विचारलं, "कार्ड लिवलंतं, ठावं हाय?"

"व्हय. एकाच दिवशी आमी समद्यांनी लिवलं. मोकळ्या जागा भरा, जास्त काय लिवू नगा म्हनालते."

"कार्ड लिवल्यावर किती दिवस व्हते?"

मी वही उघडली होती. त्याला तारीख सांगता येईना. तिथे कॅलेंडर नव्हतं, आणि पाऊस बारमाही असल्यानं ऋतूही मोजता येत नव्हते. मी त्याला एकेक प्रसंग विचारत मागे नेलं. दोस्तांची विमानं पहिल्यांदा दिसली तेव्हा होता का? होता. भात अर्धा केला तेव्हा? होता. लढाई संपली तेव्हा? नव्हता. शेवटी हिशेब लागला तो असा, की कार्डानंतर तो दोन वर्षांहून जास्त जगला आणि लढाई संपायच्या महिना-दीड महिना आधी हगवणीनं गेला.

"म्हंजी दहावा घातला तवा जित्ते व्हते."

"जित्ता व्हता की. लॉरी चालवत व्हता."

"वडाला मी दोन वर्सं फिरलो. पयल्या वर्सी जित्ते व्हते." ती आमच्याकडची सरळ बोली बोलत होती, पुरुषासारखीच 'मी फिरलो' म्हणणारी. "दुसऱ्या वर्सी?"

तो घुटमळला. मी वहीत पाहिलं. ज्येष्ठातली पौर्णिमा. "बहुतेक होता," मी म्हणालो.

"बहुतेक नगं."

"नक्की सांगता येत नाही."

तिनं ते मान्य केलं. मग विचारलं, "पेटवलं कुनी?"

"आमी चौघांनी. लाकडं वल्ली व्हती, येळ लागला."

"मंतर?"

"भटजी कुठला तितं, आक्का. मला णमोकार येतो. त्योच म्हटला. त्याचा देव येगळा, पर दुसरं कुनालाच काय येत नव्हतं."

ती उठली. कचेरीच्या मागे, कंपोझिटर हात धुवायचे तो नळ होता. तिथे जाऊन तिनं कपाळ धुतलं. घाई केली नाही, पदरानं पुसलं आणि परत आली. मग त्या माणसाला म्हणाली, "जेवलास का रं? चल गावाकडं. आप्पाला तू सांग. त्यांनी घातलेल्या दहाव्याला काय अर्थ न्हाई, पर कवा गेला ते तरी कळू दे त्यांना."

मी टोपी घातली. गाडी ठरवून देतो म्हणालो, मीही येतो म्हणालो.

"तुमी नगा येऊ," ती म्हणाली. रागानं नाही. "तुमी सांगितलेलं तितं चालत न्हाई. परत समदं खोटं वाटंल."

ती दोघं चालत गेली. आप्पांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्यांदा क्रिया केली नाही, एवढं मला पोस्टमनकडून कळलं. मुलगा एकदाच मरतो, असं ते म्हणाले म्हणे. बाई त्यानंतर कचेरीत आली नाही. तिला यायचं कारण उरलं नव्हतं. मृत्यूची बातमी मी चार ओळींत लिहिली आणि महिन्याच्या नावाआधी 'सुमारे' घातलं. या वेळी ती छापायला कुणाची परवानगी लागली नाही.